तिथी बघून ये

बाळ, मे अखेरीला तू नवी दुर्बीण घेऊन अलिबागला येतेयस, हे ऐकून फार बरं वाटलं. निघण्याआधी कालनिर्णयात तिथी तेवढी बघ. किनाऱ्यावरचे पक्षी भरती-ओहोटीच्या तालावर चालतात आणि भरतीची वेळ तिथीवरून निघते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, खाली मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधीच लागते, पण मोबाइलला रेंज नसली तरी आपलं अडत नाही.

शक्यतो द्वादशी-त्रयोदशी गाठ. सकाळी नऊ-पावणेदहाला भरती म्हणजे सातला आक्षीच्या सुरूच्या बनातून खाली उतरायचं. ओहोटीला पक्षी पार लांब ओल्या वाळूवर पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागलं की त्यांची चरायची जागा आक्रसते आणि ते आपणहून तुझ्याकडे सरकतात. म्हणून एका जागी बैठक मारायची. मागे मागे गेलीस तर उडालेच म्हणून समज. आणि सकाळच का, तर आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीशी असतं, पिसांचे रंग खुलून दिसतात. संध्याकाळी समोरच्या उजेडात सगळे पक्षी काळेच.

भरती पूर्ण झाल्यावर थवा कोरड्या वाळूवर दाटीने विसावतो, कित्येक जण एका पायावर. तेव्हा फोटोसाठी पुढे जायचं नाही. कुणी त्यांच्यावर कुत्रं सोडत असेल तर गोड बोलून थांबव. हिमालयापलीकडे जायचं तर अंगात चरबी साठवावी लागते. दर वेळी घाबरून उडण्यात ती जळते.

मे अखेरीला चिखल्यांची गर्दी ओसरलेली असेल. छातीवर तांबूस पट्टा आणि डोळ्यांवर काळा मुखवटा ल्यालेले चिखले बघायचे तर एप्रिलमध्ये यायला हवं. आता ते घरट्यांसाठी तिबेटच्या पठाराकडे गेलेत. मागे राहतात ती बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं, मातकट रंगाची. पण शिकायला हीच बरी, कारण रंगाची मदत नसली की चाल बघावी लागते. चिखल्या तुरुतुरु धावतो, गपकन थांबतो, एक टोच मारतो, पुन्हा धावतो. तुतवाराचं शेपूट उभ्या जागीही खालीवर हलत राहतं. ही दोन लक्षणं नीट बसली की वाळूवरचे निम्मे घोळ मिटतात. खाडीच्या कडेला ढोकरीही बघ. एरवी चिखलात चिखल होऊन बसणारा हा बगळा या दिवसांत पाठीवर गर्द तपकिरी-जांभळी शाल घेतो. उडाला की पंख पांढरेशुभ्र.

आता परसातलं. मुंबईत बाल्कनीत दाण्याचे डबे टांगतात, त्यावर कबुतरंच पोसली जातात. आपल्याकडे मे महिन्यात जांभळं, करवंदं, रातांबे, पडके आंबे असतात. पक्ष्यांना खाण्याची ददात नाही. त्यांना हवं असतं पाणी. मातीचं पसरट परळ घ्यायचं, पाणी दोन बोटं, त्याहून खोल नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवायचा. जागा सावलीची. झुडूप जवळ असावं पण खेटून नको, मांजर दबा धरून बसतं. रोज सकाळी पाणी ओतून टाकून परळ काथ्याने घासायचं. डासांची अंडी आणि शेवाळ दोन्ही जातात. सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाण्याची बाटली अजिबात नको, आपल्या दमट उकाड्यात ते पाणी लगेच आंबतं. त्यापेक्षा जास्वंद लाव. आणि जूनच्या आधी झाडं छाटायला लागू नका, बुलबुल-दयाळांची घरटी ऐन मेमध्ये भरलेली असतात. जमिनीवर पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर उचलून घरात आणायचं नाही. जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं, आई-बाप त्याला शोधत येतात.

याच सुमाराला नवरंग येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नको. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून घरटं करायच्या दिवसांत उगाच धावाधाव करतो. प्रवासाने थकलेला नवरंग कधी खिडकीच्या काचेवर आपटतो. तसं झालं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही. तासाभरात सावरला नाही तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करायचा. पावसाळी वाऱ्याने एखादा मोठा सागरी पक्षी वाळूवर येऊन पडला तरी हेच. लोक त्याला दयेने समुद्रात ढकलतात आणि तो बुडतो. दमलेल्याला आधी कोरडी सावली लागते.

पाऊस पडल्यावर राहता आलं तर राहा, किहीमला जाऊ. 1930 च्या सुमारास सालिम अलींनी तिथेच सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस न्याहाळली आणि एकच नर एकामागून एक घरटी विणून वेगवेगळ्या माद्यांशी संसार थाटतो, हे उलगडलं. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा बसण्याची सवय तूही लावून घे. साधी वही आण. तारीख, तिथी, वारा, पाणी चढतं की उतरतं आणि मगच पक्ष्याचं नाव. पेन नको, पेन्सिल आण, खाऱ्या हवेत पानं ओलसर होऊन शाई पसरते. परळ मात्र तिकडून आणू नकोस, इथे कुंभाराकडून घेऊ.