रॉसचे विस्मृत काडतूस

प्रश्न : कॅनडात ‘.२८० रॉस’ने आजही हरणाची शिकार करता येईल का?

उत्तर : सर चार्ल्स रॉस यांच्या क्वेबेकमधील कारखान्याच्या रायफलींसाठी १९०७ च्या सुमारास आलेले हे काडतूस, म्हणजे गोळी, दारू आणि ती पेटवणारी टोपी एकत्र धरणारे पितळी कवच, त्या काळी विलक्षण वेगवान होते, मात्र त्या वेगामुळे हलकी गोळी जवळून झाडल्यास खोल न शिरता फुटत असे, आणि १९११ मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात हेच काडतूस वापरणारे शिकारी जॉर्ज ग्रे यांचा मृत्यू झाल्यावर हा दोष चर्चेत आला. हरणासाठी मात्र ते आजही उत्तमच आहे. खरी काळजी १९१० च्या रॉस रायफलीच्या बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची, घ्यावी लागते, कारण तो चुकीचा जुळवल्यास पक्का न अडकताही बार उडू शकतो आणि बोल्ट मागे चेहऱ्यावर आदळतो. जाणकार कारागिराच्या तपासणीशिवाय ती रायफल कधीही झाडू नये.