भिंतीवरचा जुना कागद

काही घरांत भिंतीला रंग देण्याऐवजी वॉलपेपर लावतात. फुलांची, वेलींची चित्रे असलेला हा कागद पहिली काही वर्षे छान दिसतो. मग त्याचे कोपरे सुटतात, रंग उडतो आणि तो काढावा लागतो.

मागच्या रमजानच्या आधी आमच्या घरी हेच काम निघाले. मी कागदाचा एक कोपरा धरला आणि जोराने ओढला. कागद तर फाटलाच, पण त्याच्याबरोबर तळहाताएवढा गिलावाही खाली पडला. अम्मी म्हणाली, "अरे, कागद काढतोस की भिंत?"

चूक माझीच होती. असा कागद पुष्कळदा स्टार्चच्या खळीने चिकटवलेला असतो. उर्दूत आपण खळीला 'लेई' म्हणतो. वाळलेली खळ कडक असते, पण पाणी लागले की ती पुन्हा मऊ होते. म्हणून कागद आधी भिजवावा, मग काढावा.

भिंत भिजवण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसांना सांगून त्या खोलीची वीज मेन स्विचपासून बंद करून घ्या. ओल्या भिंतीवरचे बटणांचे बोर्ड जिवावर बेतू शकते. कागदावर प्लास्टिकचा थर असेल, तर पाणी आत जात नाही. तो थर आधी हळूहळू सोलून काढा. नंतर कोमट पाण्यात भांड्यांचा थोडा साबण मिसळून स्पंजाने कागद भिजवा. पंधरा-वीस मिनिटे थांबा. (मुलांना हे थांबणेच जड जाते!) मग रुंद पट्टी तिरपी धरून खरवडा. तिचे टोक भिंतीत रुतू देऊ नका. उरलेली खळ ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आमचा कागद निघाला आणि मागे काळे ठिपके दिसले. ती बुरशी होती. पलीकडच्या मोरीतला पाइप झिरपत होता. ओल, म्हणजे आपली 'सीलन', कागदाआड वाढत होती आणि आम्हांला पत्ताच नव्हता. अम्मीला दमा आहे आणि तिची खाट याच भिंतीला लागून असे! बुरशीने दमा वाढू शकतो. त्याच दिवशी आम्ही तिची खाट दुसऱ्या खोलीत नेली. नाकाला फडके बांधून ठिपके ओल्या कापडाने पुसले. कोरड्या ब्रशाने घासले असते, तर बुरशीचे बारीक कण हवेत उडाले असते. पाइप दुरुस्त करून घेतला आणि भिंत तशीच उघडी ठेवली.

ईदला पाहुणे आले, तेव्हाही ती उघडीच होती. शीरखुर्मा खाता खाता मामूंनी विचारले, "अरे, रंग केव्हा देणार?"

माझ्याआधी अम्मीच म्हणाली, "आधी भिंत वाळू दे."