बाथरूममध्ये आमटी

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची म्हटलं की सगळे एकच विचारतात, "एवढं मोठं धूड चालवता येईल का हो?" येतं. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो हे लक्षात ठेवायचं, गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवायची आणि रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरायचं. कटकट सुरू होते ती गाडी थांबल्यावर.

आम्ही यलोस्टोनला गेलो तेव्हा सासू-सासरे पुण्याहून आलेले. पाच माणसं आणि दोन्ही वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं आरव्ही पार्क सोडलं तर कुठल्याच कॅम्पग्राउंडवर हूकअप नाहीत. म्हणजे आपल्या जागेवर वीज नाही, नळ नाही, सांडपाण्याची जोडणीही नाही. फिशिंग ब्रिजचं बुकिंग केव्हाच भरलं होतं, म्हणून मॅडिसनला उतरलो. गाडी देणाऱ्याने घाईघाईत सगळं दाखवलं होतं, त्यातला बराच वेळ टीव्हीच्या रिमोटवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते आणि लेक ओरडली, "आई, बाथरूममध्ये आमटी आलीये!" शॉवरच्या जाळीतून पिवळसर पाणी वर येत होतं. त्यावर दोन-चार मोहऱ्या आणि कढीपत्त्याचा तुकडा.

सिंक आणि शॉवर, दोन्हींचं पाणी गाडीखालच्या एकाच टाकीत जातं. तिला ग्रे टँक म्हणतात. साधारण तीस-चाळीस गॅलनची, म्हणजे एकशे पंधरा ते दीडशे लिटरची. ती भरली की पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून परत येतं, आणि ते तोंड शॉवरचं. भिंतीवरच्या पॅनेलवर टाकी अर्धीच दिसत होती. आतल्या सेन्सरवर चिकटा बसला की ते बिनधास्त खोटं बोलतात, म्हणून अंदाज आपला आपणच ठेवावा.

आपल्या स्वयंपाकाला ही टाकी पुरत नाही, हे मान्य करून निघा. ताटं-पातेली आधी पेपर टॉवेलने पुसा, मग धुवा. तेल-तूप सिंकमध्ये अजिबात नको. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, "खरकटं पुसायचं कसलं?" संध्याकाळपर्यंत टॉवेलचं रेशनिंग त्यांच्याकडेच होतं. फोडणीआधी छतावरचा पंखा लावा, नाहीतर स्मोक अलार्म आख्खं कॅम्पग्राउंड उठवेल. आणि पाणी बाहेर झाडाखाली ओतायचा मोह आवरा. त्याला मनाई तर आहेच, शिवाय तो अस्वलांचा मुलूख आहे. फिशिंग ब्रिजला तंबू चालत नाहीत ते ग्रिझलींमुळेच.

संडासाची टाकी वेगळी, ती ब्लॅक टँक. तिला पाणी सढळ हाताने द्यावं लागतं, इथे काटकसर अंगाशी येते. हूकअप असलेल्या जागी पाईप जोडला की पुष्कळजण तिचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पातळ तेवढं वाहून जातं, बाकीचं तळाशी सुकून बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. तो बंदच ठेवायचा, टाकी बऱ्यापैकी भरली की उघडायचा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. हातमोजे हवेतच. टाक्या रिकाम्या करायच्या जागी, म्हणजे डंप स्टेशनवर, पाईप धुवायचा नळ असतो, त्याचं पाणी प्यायला कधीही भरू नका.

विजेचं थोडक्यात. तीस ॲम्पची जोडणी म्हणजे जेमतेम ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि चहाची किटली एकदम लावली की ब्रेकर पडणारच.

गाडी परत करायच्या आदल्या दिवशी शेवटचा डंप कुठे करणार ते बघून ठेवा. रविवारी तिथे रांग लागते, आणि भरलेल्या टाक्यांसकट गाडी दिली तर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे घेतात.