पाठपोट

अगं, दादांची ट्रंक उघडशील तेव्हा पहिल्या दिवशी कागद वेगवेगळे करू नकोस. औषधाचे कागद इकडे, कथांचे तिकडे, असा हात आपोआप चालायला लागतो. माझाही चालला होता. तुझे आजोबा लिहायचे ते औषध कंपन्यांच्या पॅडवर, नाहीतर केसपेपरच्या मागे. मी ‘दवाखाना’ म्हणून एक गठ्ठा बाजूला बांधला आणि एका कथेचा मधला भाग दोन वर्षं शोधत राहिले. तो त्याच गठ्ठ्यात होता, कुणाच्या तरी तापाच्या नोंदींच्या मागे. कागद जसे हाती येतील त्याच क्रमाने राहू देत. मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात बारीक आकडा घाल, आणि फोटो काढशील तो पाठपोट काढ, मागची बाजू कोरी दिसली तरी.

टाचण्या, स्टेपल हळूच सोडव. कोकणात त्या दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कागद खातात. चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा सोडवता येत नाही.

चिपळूणच्या घरात पाण्याचा विचार आधी. २६ जुलै २००५च्या पुरात ट्रंक खालच्या खोलीत होती. वह्या मी पोथ्यांसारख्या लाल कापडात बांधल्या होत्या, फार श्रद्धेने. त्या कापडाचा रंग सुटला आणि पानापानांत उतरला. मग घाईने सगळं उन्हात टाकलं, तर कागद वाकडे झाले आणि शाई आणखी उडाली. तेव्हापासून बांधायला मांजरपाट वापरते, दोन-तीनदा धुऊन खळ काढलेला, पांढरा. कागद भिजलेच, तर सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर वाळव, पानांमध्ये टिपकागद घाल आणि तो ओला झाला की बदल. फारच भिजले असतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव, बुरशी थांबते. मग सवडीने थोडे थोडे काढून वाळव. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी पुन्हा घरात आलं, तेव्हा ट्रंक माडीवर होती. ती तिथेच राहू दे. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवते, कागदाला न चिकटवता, आणि दर दिवाळीआधी सगळं उघडून पाहते.

तारीख नसलेले कागद पुष्कळ आहेत. हिशेबात ‘न. पै.’, म्हणजे नवे पैसे, दिसलं तर ते १९५७ ते १९६४च्या मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरचं. औषध ग्रेन आणि औंसात लिहिलेलं असेल तर बहुतेक जुनं. एकदा पुढची बाजू कधीची ते कळलं की मागची कथा त्याच्या आधीची नाही, एवढं नक्की.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दादांच्या कथांतली माणसं दवाखान्याच्या बाकावरून आलेली आहेत. केसपेपर हाती असल्यावर कोण कुठली ते तुला दोन मिनिटांत कळेल. ते कुणाला सांगायचं नाही. त्यांची नातवंडं अजून याच गल्ल्यांत राहतात. दादांनी नाव, गाव बदललं, कधी कधी बाईचा पुरुषही केला, ते कलेसाठी असेल, पण मुख्यतः दिलेला शब्द पाळायला. अभ्यासासाठी कुणी आलं तर कथेची बाजू दाखव. दुसऱ्या बाजूच्या प्रतीत नाव झाक. मूळ कागद मात्र फाडू नकोस.

संपादकांची पत्रं आपल्याकडे आहेत, पण कागद आपला, मजकूर त्यांचा. छापायचा तर त्यांच्या घरच्यांना विचार. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो, दादांचा आपल्याकडे आहे तसाच. आणि दादांनी लिहिलेली पत्रं या ट्रंकेत कशी सापडतील? ती दुसऱ्यांच्या घरी. दादांचा लाडका चेकॉव्ह, तोही डॉक्टरच. त्याच्या बहिणीने, मारियाने, त्याने लोकांना लिहिलेली पत्रं गोळा केली आणि १९१२ ते १९१६मध्ये सहा खंड काढले. आपल्याला खंड नको, पण दिवाळी अंकांच्या जुन्या मंडळींच्या घरी जा आणि निदान फोटो मागून आण.

अक्षराचं एक दुःख आहे. दादांचं घाईतलं अक्षर फक्त आमच्या कंपाउंडरकाकांना लागायचं. ते होते तोवर मी एकही वही त्यांच्यापुढे ठेवली नाही, आणि हिरव्या पाठीच्या वहीतली कितीतरी पानं आता कुणालाच वाचता येत नाहीत. बाकीच्या वह्या मला येतात. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीत उजेड चांगला असतो. मोबाइल घेऊन ये, मी वाचत जाते आणि तू रेकॉर्ड कर. अडलेला शब्द दोनदा म्हणेन.