अनुभव सांगताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सप्ताहाची सांगता झाली की प्रसादाआधी कुणीतरी उभे राहून आपला अनुभव सांगतो, ही आपल्याकडची जुनी रीत. तीन वर्षांपूर्वी मी उभा राहिलो होतो. आज तोच अनुभव परत सांगतोय, पण या वेळी जसा घडला तसा.

आमची मंडळी न्यूमोनियाने दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडतंय का ते दोन-तीन दिवसांत कळेल." मी घरी श्रीगुरुचरित्राच्या पारायणाला बसलो. पाचव्या दिवशी ताप उतरला. घडले ते एवढेच. पण माईक हातात आला आणि मी बोलून गेलो, "डॉक्टरांनी हात टेकले होते हो, महाराजांनी तिला परत आणली!" जयजयकार झाला. डॉक्टरांनी हात टेकलेच नव्हते. ते वाक्य मागे घ्यायची हिंमत मात्र मला झाली नाही.

पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा वडिलांसाठी पारायणाला बसला. औषधोपचार चालू होतेच. सोवळे, एकभुक्त, जमिनीवर झोपणे, सगळे त्याने पाळले. वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, तुमचं फळलं. माझं कुठे चुकलं?"

भक्तहो, त्या प्रश्नाने मी ग्रंथ पुन्हा उघडला.

अठरावा अध्याय आपल्यातले कितीतरी जण रोज वाचतात. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण. भिक्षा मिळाली नाही तर दारच्या घेवड्याच्या शेंगांवर भागवायचे, असा संसार. श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून गेले. बायको रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली, गुरूंना बोल लावू दिला नाही. मग वेलाचे मूळ काढायला खणू लागला, तेव्हा द्रव्याने भरलेला कुंभ लागला.

आपण कथा सांगताना धावत कुंभापाशी जातो. जरा अलीकडे थांबून बघा. वेल उपटलेला आहे, कुंभ अजून सापडलेला नाही. त्या वेळी तो माणूस बायकोला काय म्हणतो? ईश्वर ठेवील तसे राहायचे, असे म्हणतो. "रडू नको, खाली धन आहे," असे म्हणत नाही. त्याला ते ठाऊकच नव्हते. त्याची श्रद्धा कुंभ सापडायच्या आधीची आहे, आणि कुंभ सापडला नसता तरी ती खोटी ठरली नसती.

दुसरी गोष्ट नामधारकाची. सगळा ग्रंथ त्याच्या आणि सिद्धमुनींच्या संवादातून उलगडतो. तो शंका विचारतो. सिद्ध त्याला हाकलून देत नाहीत. त्याच्या विचारण्यातूनच पुढचा अध्याय सुरू होतो. ज्याला सगळे कळले आहे असे सोंग करायचे आहे, तो विचारणार तरी काय?

"मग असे हातचे राखून बोलल्याने भक्ती पातळ नाही का होणार?" असे कुणी म्हणेल. आपण नाशिककर पूर कसा सांगतो ते आठवा. गंगेला पाणी आले की दुतोंड्या मारुतीपाशी बघतात. कुणी म्हणतो, "कमरेला लागलंय, मी आत्ताच पाहिलं." कुणी म्हणतो, "छातीपर्यंत गेलं, असं ऐकलं." कुणी म्हणतो, "धरणातून सोडलंय, आणखी चढेल असं वाटतं." पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले, तिन्ही वेगळे. कमरेचे पाणी कमरेला सांगितले म्हणून गंगा लहान होत नाही. उगाच गळ्यापर्यंत सांगितले, तर मात्र काठावरच्या दुकानदाराची धावपळ होते.

अनुभव सांगतानाही हेच करावे. जे घडले ते घडले तेवढेच सांगावे: पाचव्या दिवशी ताप उतरला. दुसऱ्याकडून कळले ते "सांगतात" म्हणून सांगावे. आणि आपला भाव तो भाव म्हणूनच सांगावा: "महाराज माझ्या पाठीशी होते, अशी माझी श्रद्धा आहे." या वाक्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट ते बोलणाऱ्याला उद्या बदलावे लागत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या गळ्यात आपल्या फळाचे माप पडत नाही.

त्या मुलाला मी खरे सांगितले. "डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. मी वाढवून बोललो. ताप औषधाने उतरला की कृपेने, की कृपा औषधातूनच आली, मला माहीत नाही. मी अजून रोज वाचतो. तुझं काही चुकलं नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे तेव्हाच बोलला असतात तर मी वाचलं असतंच, काका. पण वडिलांच्या उशाशी बसून चूक शोधत बसलो नसतो."

यंदा दत्तजयंतीला गोदाकाठी एकमुखी दत्ताच्या देवळात जन्मकाळाचा पाळणा हलेल, सुंठवडा हातावर पडेल. कुणी मला उभे केलेच, तर दोनच वाक्ये बोलणार आहे: ही बरी झाली. मी महाराजांचे नाव घेतो.

॥ श्रीगुरुदेवदत्तार्पणमस्तु ॥