एक झाड, एक जात

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जुन्या गावात जाऊन तेथील वडीलधाऱ्यांना आमराईतील झाडांची नावे विचारा. शेप्या, खोबऱ्या, शेंदऱ्या, केळ्या, गोट्या, साखऱ्या अशी नावे ऐकायला मिळतील. आता प्रश्न असा की, पुसदकडचा शेप्या आणि दारव्ह्याकडचा शेप्या हे एकाच जातीचे आंबे असतील काय? बहुधा नसतील. फळाला शेपेचा वास आला की तो शेप्या, रंग शेंदरी असला की शेंदऱ्या. ही नावे गुणावरून पडलेली आहेत, वंशावरून नव्हे. हापूसची गोष्ट वेगळी. हापूसची झाडे कलमाने वाढवतात, म्हणून ती सारी एकाच वंशाची असतात.

या फरकाचे मूळ कोयीत आहे. आंब्याच्या मोहोरावर माश्या व इतर कीटक येतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर नेतात. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि त्यात आई व बाप या दोन्ही झाडांचे गुण मिसळलेले असतात. (पश्चिम किनाऱ्यावरील काही जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात व त्यांतून आईसारखीच रोपे उगवतात, पण तो अपवाद समजा.) कोयीतून उगवलेले प्रत्येक गावरान झाड म्हणजे पत्ते पिसून नव्याने वाटलेला डाव होय. तोच डाव पुन्हा पडत नाही. म्हणून बांधावरचे एक झाड पेट्यांच्या फळ्यांसाठी किंवा भट्टीसाठी तोडले, की केवळ एक झाड जात नाही, एक जात जाते.

सफरचंदाचेही असेच आहे. इंग्लंडमधील साउथवेल या गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाची बी लावली. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकावाल्याने त्या झाडाच्या काड्या कलमांसाठी मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली की फळाला माझे नाव द्यावे! बी लावणारीचे नाव मागे पडले आणि खाटकाचे चालू राहिले. हे फळ कच्चे खाल्ले तर दात आंबतात. पण शिजवले की त्याचा हलका, मऊ गर होतो. इंग्लंडमधील स्वयंपाकाचे सर्वांत प्रसिद्ध सफरचंद ते हेच. खाऊन पाहून, आंबट म्हणून ते झाड कोणी तोडले असते तर?

सफरचंदाचा रस आंबवून तिकडे सायडर नावाचे पेय करतात. त्यासाठी लागणारी कित्येक सफरचंदे इतकी तुरट असतात की तोंडात धरवत नाहीत. ब्रिस्टॉलजवळ लाँग ॲश्टन येथे १९०३ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात अशा सफरचंदांचे वर्गीकरण केवळ दोन आकड्यांवर केले गेले. रसातील आम्ल ०.४५ टक्क्यांहून कमी की जास्त, आणि तुरटपणा देणारे टॅनिन ०.२ टक्क्यांहून कमी की जास्त? एवढ्यावरून गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट असे चार गट पडले. या तक्त्यात 'वाईट' असा रकानाच नाही, हे मला भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला फार आवडते.

आपण मात्र प्रत्येक आंबा हापूसच्या मापाने मोजतो आणि गावरान आंब्याला आंबट, रेषाळ म्हणून नापास करतो. घरातील आजीला विचारा. लोणच्याचे झाड कोणते, पन्ह्याचे कोणते, रसाचे कोणते, हे ती न चुकता सांगेल. तिच्या निवडीमागे शास्त्र आहे. फोडींना मीठ लावले की परासरणाने पेशींतील पाणी बाहेर पडते. अशा वेळी मऊ गराची फोड लिबलिबीत होते, घट्ट गराची टिकते. कैरीच्या आम्लामुळे लोणच्याचा सामू बराच खाली राहतो; तो ४.६ पेक्षा कमी असला तर अन्न विषारी करणारा बोट्युलिनम जंतू वाढू शकत नाही. कर्नाटकातील शिवमोगा व उत्तर कन्नड भागात नदीओढ्यांकाठच्या रानटी आंब्यांच्या कोवळ्या कैऱ्या अखंड मुरवतात. तेथील शेतकऱ्यांनी निवडक झाडांची कलमे बांधली आणि 'अप्पेमिडी' या नावाने त्या आंब्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तुमच्या गावातील झाडांसाठी असा तक्ता तुम्हाला करता येईल. कैरी पिकू लागली की तिचे आम्ल कमी होते, म्हणून दोन झाडांची तुलना फळे सारख्या अवस्थेत असतानाच केली पाहिजे. ती अवस्था ओळखायला आर्किमिडीजचे तत्त्व उपयोगी पडते. कोवळी कैरी पाण्यावर तरंगते. गरात पिष्ट साठत गेले की तिचे विशिष्ट गुरुत्व १ च्या वर जाते व ती बुडते. २०० ग्रॅमच्या जून कैरीचे पाण्यातील वजन जेमतेम ३ ग्रॅम भरते. शाळेच्या तानकाट्यावर ते नीट वाचता येणार नाही. त्यापेक्षा दोन बादल्या घ्या: एकीत साधे पाणी, दुसरीत दर लिटरला २५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. साध्या पाण्यात बुडणाऱ्या पण मिठाच्या पाण्यात तरंगणाऱ्या कैऱ्यांचे विशिष्ट गुरुत्व साधारण १ ते १.०१७ च्या दरम्यान असते. प्रत्येक झाडाच्या अशाच कैऱ्या निवडा.

आता आम्ल. १० ग्रॅम गर वाटून पाण्याने १०० मिलिलिटर करा व गाळा. त्यातील १० मिलिलिटर घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून थेंबथेंब सोडा. (हे काम शिक्षकांसमोरच करावे.) फिकट गुलाबी रंग टिकला की थांबा. जितके मिलिलिटर लागले त्यांना ०.६४ ने गुणले की सायट्रिक आम्लाच्या हिशेबाने टक्केवारी मिळते. ५ मिलिलिटर लागले तर आम्ल ३.२ टक्के. जोडीला फळाचे व कोयीचे वजन आणि रेषा किती, हेही लिहा.

तक्त्यात जे झाड लक्षात भरेल त्याचे कोयकलम पावसाळ्यात करा. कोय रुजून १०-१५ दिवस झालेले, तांबूस पानांचे रोप घ्या. शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर द्या. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवा व प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. काडीवरची पाने आठ-दहा दिवस आधीच, देठ ठेवून कापा, म्हणजे डोळा फुगतो. सगळी कलमे जगत नाहीत, म्हणून एका झाडाची निदान दहा तरी बांधा. चिठ्ठीवर नुसते 'शेप्या' लिहू नका. गाव, शेताचा गट क्रमांक आणि तुमच्या तक्त्यातील दोन्ही आकडे लिहा.