जालन्याचा युरिया आणि बंगालचा उपसागर

जालना जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आपल्या शेतातून वाहणाऱ्या पाण्याचा शेवट समुद्रातच होतो. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला व पूर्णा गोदावरीला. अंबड, घनसावंगी, परतूरचे काही ओढे थेट गोदावरीकडे जातात. ही नदी 1465 किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते.

पिकाला दिलेल्या युरियाचे जमिनीत अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. जोराच्या पावसात ते पाण्याबरोबर निघून जाते. काही भाग धरणांत व नदीत अडतो, उरलेला समुद्रात पोहोचतो.

खोल समुद्रात काय घडते?

सुमारे 200 मीटरखाली वनस्पती वाढण्याइतका प्रकाश पोहोचत नाही. तेथील बहुतेक जीव वरून पडणाऱ्या मृत शेवाळावर व इतर अवशेषांवर जगतात. मात्र जादा नत्रामुळे वर शेवाळ बेसुमार वाढले, की ते मरून खाली जाते व कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. मग जे अन्न, तेच जिवावर उठते.

बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे, हलके पाणी वर तरंगते. त्यामुळे वरचा प्राणवायू खाली सहज मिसळत नाही. सुमारे 100 मीटरखाली काहीशे मीटर जाडीचा, प्राणवायूची तीव्र कमतरता असलेला थर तेथे मुळातच आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या व गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनानुसार या थरात प्राणवायूचा केवळ अंशमात्र शिल्लक आहे. म्हणजे काठोकाठ भरलेल्या घड्यात आणखी पाणी ओतण्यासारखे आहे.

अमेरिकेत हे घडले आहे. मिसिसिपी नदीकाठच्या मक्याच्या शेतांतून वाहून गेलेल्या नत्रामुळे मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात तळाजवळचा प्राणवायू संपतो. 2017 मध्ये असे क्षेत्र सुमारे 22,700 चौरस किलोमीटर भरले. मासे तेथून निघून जातात. ज्यांना हलता येत नाही ते तळाचे जीव मरतात.

आपण काय करावे?

1. माती परीक्षण करूनच खतमात्रा ठरवावी.
2. कपाशीला नत्र एकदम न देता पेरणीच्या वेळी, 30 व 60 दिवसांनी विभागून द्यावे.
3. जोराच्या पावसाचा अंदाज असताना युरिया फोकू नये. दिलेला युरिया मातीआड करावा.
4. सोयाबीन मुळांवरील गाठींद्वारे हवेतील नत्र मिळविते. बियाण्यास रायझोबियम लावावे. शिफारशीपेक्षा जादा युरिया देऊ नये.
5. उताराला आडवी पेरणी करावी व बांध दुरुस्त ठेवावेत.
6. मोसंबीस ठिबकमधून विद्राव्य खते थोडी-थोडी द्यावीत.
7. फवारणी पंप ओढ्यात किंवा नाल्यात धुऊ नये.

यातील एकही उपाय केवळ समुद्रासाठी नाही. वाहून गेलेले नत्र म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेले, पण पिकाला न लागलेले खत. ते शेतातच राहिले तर पीक पोसते; ओढ्याला लागले तर न पाहिलेल्या समुद्रातील जिवांचा श्वास कोंडते.